तीन नंबरच्या दारावरचे सासरे

माझे सासरे एकतीस वर्षं नाट्यगृहाच्या तीन नंबरच्या दारावर उभे होते. एवढं सांगितलं की लोक सरसावून बसतात. किती नाटकं बघितली असतील, केवढा अनुभव, केवढं भाग्य. सासरे यावर मान खाली घालून हसतात आणि लोकांना वाटतं, बघा, किती नम्र माणूस. मला आता ठाऊक आहे की तो नम्रपणा नव्हता, ती पंचाईत होती.

डोअरकीपरचं काम काय असतं ते आधी सांगतो, कारण नाटकाला जाणाऱ्या मंडळींना ते माहीत नसतं. पहिली वीस मिनिटं उशिरा आलेल्यांना अंधारात टॉर्च मारून जागा दाखवण्यात जातात. उशिरा येणाऱ्या माणसाची जागा नेहमी रांगेच्या मधोमध असते, असा सासऱ्यांचा सिद्धांत आहे. मग दाराशी स्टुलावर बसून थोडं नाटक बघायला मिळतं. मध्यंतराला दारं उघडायची, मध्यंतरानंतर चहाचा कप घेऊन आत घुसणाऱ्यांशी हुज्जत घालायची, पुन्हा थोडं नाटक. आणि संपायला वीस मिनिटं उरली की तीन नंबरवाल्याने बाहेर जाऊन बाजूचं लोखंडी फाटक उघडायचं आणि पार्किंगमध्ये आडव्यातिडव्या लावलेल्या गाड्या सरळ करून घ्यायच्या. एक नंबरवाला आणि दोन नंबरवाला आत थांबतात, तीन नंबरवाला बाहेर जातो, असा नियमच आहे. नाटक संपल्यावर प्रेक्षक अर्धं मिनिट भारावलेला असतो. त्यानंतर गाडी बाहेर काढायला त्याला दम धरवत नाही.

तेव्हा उघड आहे. एकतीस वर्षांत माझ्या सासऱ्यांनी एकाही नाटकाचा शेवट बघितला नाही.

यात लाजण्यासारखं काही नव्हतं, सासूबाई नसत्या तर. सासूबाई घरी शिवणकाम करतात. लोकांचे सैल कपडे आवळून देतात, घट्ट कपडे सोडून देतात. संध्याकाळी गिऱ्हाइकं येतात, त्यामुळे त्या कधी नाटकाला गेल्या नाहीत, आणि नाटक सांगणारा माणूस घरात असताना जायची गरजही त्यांना वाटली नाही. सासरे घरी आले की जेवताना नाटक सांगायचे. लग्नाला चार महिने आणि नोकरीला दोन दिवस झाले होते तेव्हाची गोष्ट. त्यांनी पहिलं नाटक सांगायला घेतलं, रंगात आले, आणि नवी बायको हातातला डाव तसाच धरून म्हणाली, "मग पुढे?" पुढे मी गाड्या हलवायला गेलो, हे काही त्यांच्या तोंडून निघालं नाही. त्यांनी शेवट ठोकून दिला.

नंतर त्यांनी इमानदारीत चौकशी केली, असं ते सांगतात. दिवेवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, शेवटी मी निळा देतो आणि हळूहळू काढून घेतो. पडदेवाला म्हणाला, शेवटी डावीकडची दोरी अडकते. कपडेपटातल्या बाई म्हणाल्या, शेवटी सगळे चिंब भिजतात आणि वाळवायचं माझ्या नशिबी येतं. एवढ्या माहितीवर सासऱ्यांनी त्या रात्री एक मोडलेलं कुटुंब घरी पुन्हा एकत्र आणलं. पुढे त्यांनी विचारणं सोडूनच दिलं. सासूबाईंना रडके शेवट आवडत नाहीत हे त्यांच्या लक्षात आलं होतं, त्यामुळे त्या घरात एकतीस वर्षं कुठल्याही नाटकात कुणी मेलं नाही. आजारी बरे झाले, रुसलेले परतले, आणि ज्यांनी दारू पिऊन पहिला अंक गाजवला होता त्यांनी ती सोडली.

हे सगळं गुपित मला कळलं दोन महिन्यांपूर्वीच्या एका रविवारी, चित्रांच्या दालनात, एका बाकावर.

तो रविवार माझ्या बायकोने आखला होता. ती एका ऑफिसात लोकांच्या सुट्ट्या मंजूर करते, त्यामुळे स्वतःची सुट्टी तिला नुसती घालवता येत नाही. बाबा निवृत्त झालेत, त्यांना आता जरा जगायला शिकवलं पाहिजे, असं तिने ठरवलं. माणूस साठ वर्षं जगला तेव्हा तो काय करत होता, हे विचारायची माझी हिंमत नव्हती. तिने फोनवर कुठेतरी वाचलं होतं की मोठ्या शहरात एका दिवसात कला, नाट्य आणि भोजन या तिन्हींचा आस्वाद घेता येतो. त्याप्रमाणे सकाळी चित्रं, दुपारी नामांकित ठिकाणी जेवण, तीन वाजता नाटक. तेही बाबांच्याच नाट्यगृहात, आणि नाटकही बाबांचं लाडकं, नव्या संचात पुन्हा आलेलं. दोन भाऊ वडिलोपार्जित घराच्या मधोमध भिंत घालतात, त्या भिंतीचं नाटक. ज्येष्ठांना सवलतीची तिकिटं होती. सासूबाई पहिल्यांदा नाटकाला जाणार म्हणून आठवडाभर आधी त्यांनी स्वतःच्या कपड्यांना इस्त्री करून ठेवली होती.

चित्रांच्या दालनात आम्ही चौघे चार दिशांना गेलो. बायको कानात यंत्र घालून प्रत्येक चित्रासमोर दीड मिनिट उभी राहत होती, कारण यंत्र दीड मिनिट बोलत होतं. मी लिफ्ट दुरुस्तीचं काम करतो, म्हणून मी लिफ्टपाशी. दार बंद होताना ती कण्हत होती आणि तिच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. सासूबाई मात्र चित्रं बघत होत्या, आणि फार बारकाईने. एका श्रीमंत बाईच्या भल्यामोठ्या चित्रासमोर त्या बराच वेळ थांबल्या आणि मला बोलावून म्हणाल्या की, या कपड्याला ना बटण, ना नाडी, ना मागे उघड. ही बाई आत शिरली कुठून? शेजारी उभ्या असलेल्या एका जोडप्याने हे ऐकलं. त्यातला नवरा बायकोला हळूच म्हणाला, खरंच की, कोंडलेपणा काय दाखवलाय. दोघंही पुन्हा चित्राकडे वळली आणि गंभीर झाली.

सासरे कुठे दिसेनात. शेवटी सापडले ते आतल्या दालनाच्या दाराशी, पहारेकऱ्याच्या जवळच्या बाकावर. पहारेकऱ्याला टाचा दुखण्यावरचा उपाय सांगून झाला होता आणि आता ते नुसते बसले होते. चेहरा उतरलेला. मी शेजारी बसलो.

"जावईबापू," ते म्हणाले, "लिफ्ट मधेच बंद पडली तर आतल्या माणसाला तुम्ही काय सांगता?"

"घाबरू नका, दोन मिनिटांत येतो, असं सांगतो."

"आणि दोन मिनिटांत नाही जमलं तर?"

"तरी तेच सांगतो."

त्यांना जरा धीर आला असावा, कारण मग त्यांनी सगळं सांगून टाकलं. दाराचं, फाटकाचं, गाड्यांचं, निळ्या दिव्याचं. मला हसू आवरेना. मी म्हटलं, बाबा, एवढंच ना, फार तर आज आई तुमची थट्टा करतील. तर ते म्हणाले, तसं नाही. भिंतीच्या नाटकाचा शेवट एक वेळ बरोबरही निघेल, कारण त्याला पुरावा आहे. पार्किंगमध्ये उभं असताना आतून दर प्रयोगाला हातोड्याचे तीन ठोके ऐकू यायचे. म्हणून त्यांनी घरी सांगितलं होतं की मोठा भाऊ हातोडा उचलतो, भिंत पाडतो, आणि पलीकडे धाकटा दोन ताटं वाढून वाट बघत बसलेला असतो. मी म्हटलं, तीन ठोक्यांत भिंत कशी पडेल? ते म्हणाले, नाटकातली भिंत असते हो, पुठ्ठ्याची.

"पण हा खोटा निघाला," ते पुढे म्हणाले, "तर ती बाकीचे विचारेल. आणि मग ते चपलांचं विचारेल."

आता माझं हसू थांबलं. चपलांचं नाटक आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. सासूबाईंना जावई टेबलाशी बसणारा हवा होता आणि मुलीने निवडला तो लिफ्टच्या खड्ड्यात उतरणारा. लग्नानंतर दोन वर्षं त्यांनी लेकीचं तोंड पाहिलं नाही. फोन आला तर मशीन सुरू करायच्या, म्हणजे ऐकू येऊ नये. मग एका रात्री सासऱ्यांनी एक नाटक सांगितलं. त्यातली आई मनाविरुद्ध लग्न केलेल्या मुलीकडे जायला निघते, चपला घालते आणि दारातच बसून राहते. रोज चपला घालते, रोज काढते. शेवटी एक दिवस जाते. मुलगी दार उघडते आणि म्हणते, आत ये, माझे हात ओले आहेत. बस, एवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी आमची बेल वाजली. दार मी उघडलं, हाताला ग्रीस होतं म्हणून कोपराने. सासूबाई माझ्या बाजूने आत गेल्या आणि स्वयंपाकघरात जाऊन लेकीपाशी उभ्या राहिल्या. तेव्हापासून त्या नातेवाइकांत, गिऱ्हाइकांत, जिथे तिथे सांगतात की एका नाटकाने मला लेक परत दिली.

"तोही शेवट तुमचाच?" मी विचारलं.

"तोही," सासरे म्हणाले.

माझा संसार एका डोअरकीपरच्या थापेवर उभा आहे हे मला पस्तिशीत, एका सरकारी बाकावर, कळत होतं. आणि उसवायचं म्हटलं तर कुठल्या टाक्याला धरायचं हे शिवणकाम करणाऱ्या बाईला कुणी शिकवावं लागत नाही.

जेवणाच्या ठिकाणी सासऱ्यांनी पळ काढायचा पहिला प्रयत्न केला. पोट बरं नाही, म्हणाले. बायको म्हणाली, इथलं जेवण पोटाला त्रास देत नाही. ते खरंच होतं, कारण ते पोटापर्यंत पोचतच नव्हतं. पसरट थाळीएवढ्या बशीत मधोमध एक गाजर आलं. वाढणारा तरुण हात मागे बांधून उभा राहिला आणि गाजराची हकिकत सांगू लागला. ते कुठल्या मातीत वाढलं, कुणी उपटलं, किती तास मंद आचेवर विचार करत पडलं होतं. हकिकत संपायच्या आत माझं गाजर संपलं होतं. पुढे फेस आला. कशाचा ते त्याने सांगितलं होतं, पण फेस खाऊन झाल्यावर ते आठवेना. सासूबाईंनी त्याला आपुलकीने विचारलं, बाळा, तू जेवलास का? त्याने जेवणाची सुट्टी साडेतीनला असते असं सांगितलं, आणि त्या दिवसात त्या ठिकाणी ऐकलेली तेवढी एकच गोष्ट मला पटली.

दुसरा प्रयत्न सासऱ्यांनी असा केला की, नाटक संपायच्या थोडं आधीच निघू, म्हणजे गर्दी टळेल. सासूबाई म्हणाल्या, तुम्हाला शेवट पाठ आहे, मला तो बघायचाय. ताटं बघायचीत. ताटं कसली आहेत ते तुम्ही कधी सांगितलं नाहीत.

नाट्यगृहात आम्ही तीन नंबरच्या दारानेच आत गेलो. दारावर नवा माणूस होता. त्याने सासऱ्यांना ओळखलं नाही आणि तिकीट मागितलं. सासऱ्यांनी ते काढून दिलं आणि त्याने ते फाडलं तशी त्यांच्या कपाळाला आठी पडली. नंबराचा भाग प्रेक्षकाला परत द्यायचा असतो, हे त्यांनी त्याला दाखवून दिलं. मग सासूबाईंचा हात धरून अंधारात टॉर्चशिवाय सरळ त्यांच्या जागेवर नेऊन बसवलं. एकतीस वर्षांत हजारो बायकांना त्यांनी जागा दाखवली असेल, पण हिला पहिल्यांदाच, आणि ते क्षणभर सगळं विसरून खूश दिसले.

नाटक चांगलं होतं. सासूबाई एकेक प्रवेश ओळखत होत्या आणि पुढे काय होणार ते कुजबुजत होत्या. सगळं तसंच घडत होतं. सासरे खरंच चांगलं नाटक सांगत असणार. मध्यंतरानंतर धाकटा भाऊ भांडून पलीकडे गेला, मधली भिंत उभी राहिली, आणि साडेपाचला वीस मिनिटं कमी असताना सासरे उठून उभे राहिले. त्यांच्या मनात काही नव्हतं, पायच उठले. एकतीस वर्षांची सवय पायांना होती. मागून कुणीतरी खाली बसा म्हणालं. सासूबाईंनी बाही धरून त्यांना खाली ओढलं आणि विचारलं, आताच कुठे निघालात?

मग आम्ही दोघांनी, मी आणि सासऱ्यांनी, उरलेलं नाटक बघितलं. मोठा भाऊ भिंतीसमोर उभा राहिला. बराच वेळ उभा राहिला. मग त्याने खरोखर हातोडा उचलला. सासऱ्यांनी माझा गुडघा घट्ट पकडला. मोठ्या भावाने खिशातून एक खिळा काढला, भिंतीवर टेकवला आणि तीन ठोके मारले. मग अंगातला कोट काढून त्या खिळ्याला अडकवला आणि खुर्चीत बसून पेपर उघडला. निळा उजेड आला, हळूहळू गेला. पडदा पडला. डावीकडची दोरी अडकली.

लोक टाळ्या वाजवत होते. सासूबाई वाजवत नव्हत्या. त्या पडद्याकडे बघत होत्या, अजून काहीतरी येईल म्हणून. दिवे लागले तेव्हा त्या सासऱ्यांकडे वळल्या, आणि सासऱ्यांनी डोळे मिटून घेतले.

"या लोकांनी शेवट कापला हो," सासूबाई म्हणाल्या. "सवलतीच्या तिकिटांना पुरता दाखवत नसतील."

मी आतापर्यंत अनेक प्रकारची श्रद्धा बघितली आहे, पण असली नाही.

आम्ही त्यांना सरळ बाहेर काढलं असतं, पण बाहेरच्या दालनात चहा होता आणि चहाबरोबर चर्चा होती. बायकोच्या यादीत ती होतीच. तरुण दिग्दर्शक आणि एक झोळीवाले जाणकार खुर्च्यांवर बसले होते, समोर तीस-चाळीस माणसं. प्रश्नोत्तरं चालली होती, म्हणजे लोक उभे राहून स्वतःचं मत सांगत होते आणि शेवटी आवाज चढवून त्याचा प्रश्न करत होते. दहा मिनिटांनी सासूबाईंनी हात वर केला. त्यांना एवढंच विचारायचं होतं, त्या म्हणाल्या, की भिंत का पाडली नाही. मोठा भाऊ भिंत पाडतो आणि पलीकडे धाकटा दोन ताटं वाढून बसलेला असतो, ते कुठे गेलं.

दिग्दर्शक गोंधळला. पण झोळीवाले गोंधळणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी डोळे मिटले, मान हलवली आणि बाईंनी नेमकं बोट ठेवलंय असं सांगितलं. सुरुवातीच्या प्रयोगांत तो शेवट होता, त्यांना स्पष्ट आठवत होता. भिंत पडताना धूळ उडायची. एक बाई लगेच म्हणाल्या की त्या पहिल्या रांगेत होत्या आणि ती धूळ त्यांच्या केसांत गेली होती. आणखी एकाला ताटं आठवली, पितळेची. आता दिग्दर्शकाला काहीतरी बोलणं भाग होतं. जुने प्रयोग त्याच्या जन्माआधीचे. तो म्हणाला की तो शेवट आम्ही जाणीवपूर्वक नाकारला आहे. यावर वाद पेटला. सासूबाई समाधानाने मागे वळल्या आणि म्हणाल्या, यांना विचारा ना, हे एकतीस वर्षं इथेच दारावर होते.

सगळ्यांच्या माना वळल्या. मी सासऱ्यांच्या शेजारी होतो, म्हणून मला माहीत आहे की त्या क्षणी त्यांना फक्त मान हलवायची होती. बोलायचंही नव्हतं. त्यांची थाप इतिहासात जमा झालीच होती, साक्षीदार आपण होऊन उभे राहिले होते, धूळ कुणाच्या केसांत होती, ताटं पितळेची ठरली होती. मान एकदा खालीवर झाली असती की चपलांचं नाटक, माझं घर आणि त्यांची एकतीस वर्षं, सगळं सुखरूप राहिलं असतं. मी मनातल्या मनात म्हणत होतो, हलवा मान. हलवा.

सासरे उठले. माझ्याकडे एकदा बघितलं. या माणसाने एकतीस वर्षं तिकीट नसलेल्या कुणालाही त्या दारातून आत सोडलं नव्हतं, नाट्यगृहाच्या मालकाच्या मेहुण्यालासुद्धा नाही.

"मी शेवट बघितलेला नाही," ते म्हणाले. "या नाटकाचा नाही, कुठल्याच नाटकाचा नाही. शेवटाला मी बाहेर गाड्या काढत असायचो. भिंत मी पाडली. घरी, जेवताना."

प्रचंड टाळ्या पडल्या. झोळीवाले उठून उभे राहिले. दाराशी उभ्या असलेल्या माणसाला शेवट दिसत नाही, वा, काय बोललात, असं म्हणून त्यांनी ते वहीत उतरवून घेतलं. पहिल्या रांगेतल्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. दिग्दर्शकाने सासऱ्यांचे दोन्ही हात हातात घेतले. सासरे सगळ्यांना पुन्हा पुन्हा सांगत होते की अहो खरंच, मी गाड्या काढायचो, आणि दर वेळी लोक जास्तच हेलावत होते. पंधरा दिवसांनी पेपरात जाहिरात आली, 'मूळ शेवटासह'. भिंत आता रोज पडते आणि बुकिंग जोरात आहे, असं ऐकतो.

त्या अख्ख्या दालनात त्यांच्यावर विश्वास एका माणसाने ठेवला. सासूबाई टाळ्या वाजवत नव्हत्या.

परतीच्या बसमध्ये पुढच्या बाकावर ते दोघं बसले, मागच्या बाकावर आम्ही. बायकोने यादी केव्हाच मिटली होती आणि ती माझ्याकडे बघून भुवयांनी विचारत होती, हे काय चाललंय. तीन थांबे गेले. मग सासूबाई खिडकीबाहेर बघत एकेक विचारू लागल्या.

"ती आंधळी बहीण. तिचं ऑपरेशन?"

"माहीत नाही," सासरे म्हणाले.

"पोस्टमनचं. त्याने लपवलेली पत्रं शेवटी वाटली ती?"

"ती मीच वाटली."

"तो तुरुंगातला?"

"मी सोडवला. खरं काय झालं, माहीत नाही."

असं बराच वेळ चाललं. त्यांना सगळी नाटकं आठवत होती, आणि सासऱ्यांनी एकही प्रश्न चुकवला नाही, एकाही ठिकाणी सारवासारव केली नाही. प्रत्येक उत्तरागणिक ते बाकावर थोडे थोडे लहान होत होते. मला त्यांचा राग आला होता आणि त्यांची दयाही येत होती, आणि मधूनच लाज वाटत होती, कारण मला चिंता माझ्या घराची होती. मग सासूबाई थांबल्या. बस सिग्नलला थांबली होती.

"आणि चपलांचं?" त्यांनी विचारलं. "त्याचा शेवट काय होता?"

माझ्या बायकोने माझा हात धरला. सासऱ्यांनी घसा साफ केला.

"त्याला शेवट नव्हता," ते म्हणाले. "त्याला सुरुवातही नव्हती. असं नाटक आलंच नाही. तू मशीनवर बसून रडायचीस, मला दुसरं काही सुचलं नाही."

सिग्नल सुटला. मला सासूबाईंचं डोकं फक्त मागून दिसत होतं, नीट विंचरलेलं, नाटकासाठी. मी वाट बघत होतो की आता त्या उठतील, दुसऱ्या बाकावर जातील, पुढच्या थांब्यावर उतरतील.

"मी त्या दिवशी अर्ध्या वाटेतून परत फिरले होते," त्या म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता. "चौकातून. मग म्हटलं, ती बाई गेली आणि आपण जात नाही, हे बरं दिसत नाही. म्हणून पुन्हा वळले."

त्या सासऱ्यांकडे वळल्या.

"म्हणजे ती बाई नव्हतीच."

"नव्हती."

"मग मी एकटीच गेले होते."

"हो," सासरे म्हणाले. "तू एकटीच गेलीस."

बायको माझ्या शेजारी आवाज न करता रडत होती आणि मी तिला रुमाल शोधत होतो, जो माझ्याकडे कधीच नसतो. बस आमच्या रस्त्याला लागली तशी सासूबाई उठल्या, दांडी धरली, आणि सासऱ्यांना उठायला दुसरा हात दिला.

"इथून पुढे शेवट माहीत नसला तर सरळ सांगत जा, माहीत नाही म्हणून," त्या म्हणाल्या. "पुढचं मी बघेन."